आठ महिन्यांचं पाणी, बारा महिन्यांचा मासा

यवतमाळ, वणी किंवा पुसदच्या बाजारात रोहू-कटला घ्यायला गेलं की थर्माकोलच्या खोक्यातला, बर्फात दाबलेला मासा हमखास दिसतो. तो बहुधा आंध्रातून, कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळच्या कोल्लेरू भागातून आलेला असतो. सहा-सातशे किलोमीटरचा प्रवास, बर्फ, डिझेल, हमाली आणि दोन-तीन दलालांची कमाई अंगावर घेऊनही तो इथल्या माशाशी भावात टक्कर देतो. आणि याच जिल्ह्यात इसापूर, बेंबळा, अरुणावती, पूस यांसारखी धरणं आहेत, शिवाय गावोगाव खोदलेली शेततळी आहेत. तळं दारात, पाणी दारात, मग मासा सातशे किलोमीटरवरून कसा परवडतो?

याची उत्तरं सहसा माणसाकडे बोट दाखवतात. आपल्या लोकांना धंदा जमत नाही, शासन लक्ष देत नाही, व्यापारी लुटतात, वगैरे. त्यात थोडंफार तथ्य असेलही. पण मत्स्यशेतीचा जमाखर्च उलगडून पाहिला तर दोष आधी कॅलेंडरात सापडतो. माशाला विकण्याजोगं वजन धरायला जितके महिने लागतात, तितके महिने इथलं तळं भरलेलं नसतं. नफ्या-तोट्याची बाकीची कारणं या एका फरकाभोवती फिरतात.

मासा वाढतो चक्रवाढ व्याजानं

मासा हा खाद्याचं मांस करणारा फार काटकसरी प्राणी आहे. गाय, कोंबडी यांना अंग गरम ठेवायला खाल्लेल्यातला मोठा वाटा जाळावा लागतो. माशाचं रक्त थंड, म्हणजे पाणी जितकं ऊन तितकंच त्याचं अंग. शिवाय पाणीच त्याला तोलून धरतं, त्यामुळे स्वतःचं वजन पेलायलाही फारशी ताकद लागत नाही. म्हणून दीड ते दोन किलो खाद्यात किलोभर मासा तयार होऊ शकतो. काटकसरीची दुसरी बाजू अशी, की पाणी थंड झालं की त्याची भूक आणि वाढ दोन्ही मंदावतात. रोहू-कटलासारख्या कार्प जातीच्या माशांना साधारण २५ ते ३२ अंशांचं पाणी मानवतं. यवतमाळची डिसेंबर-जानेवारीतली थंडी गव्हाला चांगली. रोहू त्या दिवसांत नुसता दिवस काढतो.

दुसरी गोष्ट वाढीच्या वेगाची. मासा रोज स्वतःच्या वजनाच्या काही टक्के वाढतो. दहा ग्रॅमची बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, दिवसाला दोन टक्के वाढली तर भर पडते पाव ग्रॅमहून कमी. शंभर ग्रॅमचा मासा दीड टक्क्यानं वाढला तरी दीड ग्रॅम जोडतो. हे बँकेतल्या ठेवीसारखं आहे. व्याजाचा दर थोडा कमी असला, तरी मुद्दल मोठं असेल तर वर्षाअखेरीची रक्कम कितीतरी मोठी. सुरुवातीचे तीन-चार महिने मासा वाढतोय असं वाटतच नाही, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तो दामदुप्पट होतो. गोम इथेच आहे. पाणी आटतं ते नेमकं या शेवटच्या महिन्यांत.

कोल्लेरूच्या शेतकऱ्यांनी ही खूण फार लवकर ओळखली. ते बोटुकल्या दाटीवाटीनं, कमी खाद्यावर वर्षभर ठेवतात. मासा खुजा राहतो, पण मरत नाही. मग तो मोकळ्या तळ्यात, भरपूर खाद्यावर सोडला की उपास सुटलेल्या माणसासारखा खातो आणि झपाट्यानं वाढतो. त्यांच्या मोठ्या तळ्यात मासा उतरतो तोच असा, शंभर ग्रॅमच्या पुढचा. जोडीला कालव्याचं बारमाही पाणी आहे आणि परिसर भाताचा असल्यानं कोंडा स्वस्त आहे. तिथला मासा इथे परवडतो याचं कोडं बरंचसं इथेच सुटतं.

नऊ गुंठ्यांचं तळं

आता आपलं तळं बघू. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली. तिच्यातलं मोठ्यातलं मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं आणि ३ मीटर खोल. उतार धरला तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. आकडा ऐकायला दणदणीत आहे, पण पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम नऊ गुंठे. मत्स्यशेतीत हिशेब पृष्ठभागाचा असतो, कारण ऊन तिथेच पडतं आणि हवेतला प्राणवायूही तिथूनच आत जातो. तळं आणखी दोन मीटर खोल केलं म्हणून मासे दुप्पट होत नाहीत.

हे तळं खोदलेलं असतं पिकासाठी, माशासाठी नाही. सप्टेंबरात पावसानं ताण दिला की सोयाबीनला एक पाणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभऱ्याला दुसरं. ते योग्यच आहे. पण प्रत्येक पाण्याबरोबर माशाचं घर लहान होतं. वरची काळी माती पाणी धरते, तिच्याखालचा मुरूम मात्र ते पिऊन टाकतो. उन्हाळा लागला की नुसत्या बाष्पीभवनानं दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडतं. प्लास्टिकचा कागद अंथरला तर झिरपा थांबतो, पण मग तळाच्या चिखलात तयार होणारं किडे-अळ्यांचं फुकटचं खाद्यही जातं आणि सगळा भार विकतच्या खाद्यावर येतो. बिनकागदाचं तळं जुलैत भरतं आणि फेब्रुवारीत त्याचा तळ दिसू लागतो. या आठ महिन्यांतले दोन थंडीचे. माशाच्या हाती वाढीचे सहाच महिने उरतात.

पूर्व विदर्भाशी तुलना केली तर फरक कळतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इथे मालगुजारीच्या काळातले तलाव आहेत, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. ते भातासाठी बांधले, आणि त्यांच्याभोवती ढिवरांची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या वाढली. यवतमाळ वऱ्हाडातलं, रयतवारीचं आणि कापसाचं. इथे भोई समाजाचं कसब नदी-नाल्यावर आणि नंतर धरणांवर वाढलं. तळं राखायची सवय शेतकऱ्याच्या घरात नव्हती. आज शेततळ्यात बीज सोडणारा बहुतेक शेतकरी घराण्यातला पहिलाच मत्स्यपालक असतो.

चौकट : एकच तळं, तीन निकाल

*(भाव हिशेबापुरते धरले आहेत. आपल्या गावचे भाव घालून आकडेमोड पुन्हा करावी.)*

नऊ गुंठ्यांच्या तळ्यात ५०० बोटुकल्या सोडल्या, ३५० जगल्या. बीज २,००० रुपये. चुना, शेण, औषध, जाळं यांना २,५०० रुपये. किलोभर माशाला दोन किलो खाद्य, ३० रुपये किलोनं.

पाणी जानेवारीतच आटलं: मासा सरासरी ४०० ग्रॅमचा, एकूण १४० किलो. लहान मासा म्हणून भाव ८० रुपये. जमा ११,२००, खर्च १२,९००. तोटा १,७०० रुपये.

पाणी मार्चपर्यंत टिकलं: मासा ७०० ग्रॅमचा, एकूण २४५ किलो. भाव १२० रुपये. जमा २९,४००, खर्च १९,२००. उरले १०,२०० रुपये.

पाणी मेपर्यंत पुरलं: मासा किलोभराचा, एकूण ३५० किलो. भाव १३० रुपये. जमा ४५,५००, खर्च २५,५००. उरले २०,००० रुपये.

या आकड्यांत शेतकऱ्याची स्वतःची मजुरी धरलेली नाही. रोज तासभर तळ्यावर गेला तर आठ महिन्यांत तीस दिवसांची मजुरी होते. ती रोजी ३०० रुपयांनी धरली की ९,००० रुपये. म्हणजे मधल्या निकालात हाती जवळपास काहीच उरत नाही. तळं तेच, बीज तेच, माणूस तोच. बदलले ते फक्त चार महिने.

खाद्य, ढेप आणि तीन मजले

या हिशेबात खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा खाद्याचा आहे. ते वाचवायचं तर आधी माशाची जेवणाची तऱ्हा समजून घ्यावी लागते. कटला वरच्या थरात सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात वावरतो, मृगळ तळाशी कुजलेलं वेचतो. कापसाच्या ओळींत तूर घालणाऱ्या यवतमाळकराला हे वेगळं सांगायला नको: एकाच वावरात दोन पिकं भांडत नाहीत, कारण त्यांची मुळं आणि वाढीचे दिवस वेगळे. तीन जातींचं मिश्रण हे पाण्यातलं आंतरपीक आहे. शेण टाकून पाणी हिरवट ठेवलं तर बरंचसं जेवण तळंच रांधतं आणि विकतचं खाद्य पूरक ठरतं. तळहात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि तो जेमतेम दिसेनासा झाला, तर पाणी योग्य. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त, शेण थांबवा.

कापसाच्या जिल्ह्यात सरकीची ढेप मुबलक, मग तीच माशाला का घालू नये? घालावी, पण बेतानं. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते जास्त झालं तर माशाची वाढ खुंटते. आणि ढेपेवर पहिला हक्क गोठ्यातल्या जनावराचा आहे. दुधाला भाव आला की ढेप महागते. भाताचा कोंडा आणायचा तर भंडारा-गोंदियाकडच्या गिरण्यांकडे पाहावं लागतं, त्यात भाडं आलं. खाद्याच्या बाबतीत आपण कोल्लेरूच्या शेतकऱ्याला कधीच गाठणार नाही. म्हणून त्याचाच माल, त्याच्याच पद्धतीनं, त्याच्याच भावात पिकवायचा खेळ इथे हरण्याचाच आहे.

‘बायोफ्लॉक करा की!’

यावर हमखास येणारा आक्षेप: पाणी कमी असेल तर टाकीत मासे वाढवा. बायोफ्लॉकची कल्पना खरोखर हुशारीची आहे. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो माशाला विषारी. पाण्यात गूळ किंवा मळी घातली की उपयोगी जिवाणू वाढतात, ते अमोनिया खाऊन स्वतःचे पुंजके करतात आणि मासे ते पुंजके खातात. घाण आणि खाद्य यांचं वर्तुळ टाकीतच पूर्ण होतं. पण त्या दाटीत मासा आणि जिवाणू दोघंही प्राणवायू ओढत असतात. लिटरभर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो, लिटरभर कोमट पाण्यात फार तर आठ. हवा सोडणारा पंप बंद पडला तर तेवढा साठा बघता बघता संपतो. जिथे शेतीची वीज पाळीनं येते, तिथे जनरेटर आणि रात्रीचा जागता माणूस हा बायोफ्लॉकचा खरा खर्च आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सात टाक्यांच्या संचाचा प्रकल्प खर्च साडेसात लाख रुपये धरला आहे. एवढं भांडवल नऊ गुंठ्यांच्या तळ्यात अडकवायची गरज नसते, आणि तिथे वीज गेली तरी मासा लगेच मरत नाही.

तळ्यातही प्राणवायूचा खेळ असतोच, फक्त संथ. दिवसा शेवाळ उन्हावर प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. म्हणून पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, साठा तळाला गेलेला असतो. ढगाळ हवेचे तीन-चार दिवस लागोपाठ आले की पहाटे सगळे मासे तोंडं वर काढून हवा गिळताना दिसतात. नवखा म्हणतो, भूक लागली, आणि वरून खाद्य टाकतो. ते कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खातं. त्या दिवशी खाद्य बंद ठेवायचं आणि मोटरीनं तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडायचं.

दुसरा आक्षेप अनुदानाचा. मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्यामुळे वीजदर, कर्ज आणि विमा यांत शेतकऱ्यासारखी वागणूक मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हे सगळं चांगलंच आहे. पण अनुदान एकदा मिळतं आणि खाद्य दर आठवड्याला घ्यावं लागतं. जो धंदा चालू खर्चावर तोट्यात आहे, त्याला अनुदानानं फक्त उशिरा मरण येतं.

मग कमी महिन्यांचा माल पिकवा

आठ महिन्यांच्या पाण्यात बारा महिन्यांचा मासा बसत नसेल, तर तीन महिन्यांत तयार होणारा माल शोधायला हवा. तो माल आहे बोटुकली.

रोहू, कटला, मृगळ वाहत्या नदीचे मासे. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. पूर्वी पुराच्या पाण्यातून नदीचं बीज गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या जातीही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचं प्रजनन घडवलं आणि हा प्रश्न सुटला. तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होतं. आधी डोळ्याला जेमतेम दिसणारं मत्स्यजिरं, दोन-तीन आठवड्यांत इंचभर बीज, आणि पुढे दोन-तीन महिन्यांत बोटाएवढी बोटुकली. पहिले दोन टप्पे नाजूक, ते केंद्रावर सोपवावेत. बीज ते बोटुकली हा टप्पा मात्र शेततळ्याला जणू मापून शिवलेला आहे. तो जुलैच्या मध्यात सुरू होतो आणि ऑक्टोबरात संपतो. तळं भरलेलं, पाणी कोमट, वाढ जोरात. आणि हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ येते तोवर मासे तळ्याबाहेर! पीक आणि मासा यांचं भांडणच मिटतं.

त्याच नऊ गुंठ्यांत २०,००० बीज सोडलं, ३० पैसे नगानं ६,००० रुपये. बारीक दळलेलं खाद्य २०० किलो, ३५ रुपयांनी ७,०००. बाकीचे २,५००. साठ टक्के जगले तर १२,००० बोटुकल्या, दोन रुपयांनी २४,०००. खर्च वजा जाता ८,५०० रुपये तीन महिन्यांत. मार्चपर्यंत थांबून मिळणाऱ्या १०,२०० रुपयांच्या तुलनेत ही रक्कम थोडी कमी, पण मजुरी निम्म्याहून कमी लागते आणि पाणी आटण्याची धास्ती नाही. वर तीन-चारशे बोटुकल्या स्वतःसाठी मागे ठेवता येतात. विहिरीचं बारमाही पाणी असेल त्यानं तर कोल्लेरूसारख्या खुज्या बोटुकल्या उन्हाळाभर जपाव्यात. जूनमध्ये त्या माप न पाहता उचलल्या जातील.

विकत घेणार कोण? धरणं. नव्वदच्या दशकातल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातल्या जलाशयांचं मासळी उत्पादन हेक्टरी सरासरी वीस किलोच्या आसपास होतं. चांगल्या तळ्यात तेच टनांनी मोजतात. याचं एक मोठं कारण असं, की जलाशयात इंचभर बीज सोडणं म्हणजे मरळ आणि शिंगाळा या शिकारी माशांना पंगत वाढणं. चार इंची बोटुकली त्यांच्या तोंडात सहज मावत नाही. तरीही बीज लाखांनी मोजून सोडण्याचा मोह सुटत नाही, कारण कागदावर लाख हा आकडा चांगला दिसतो. हजार हेक्टरच्या एका जलाशयाला हेक्टरी पाचशे बोटुकल्या धरल्या तरी पाच लाख लागतात. म्हणजे बेचाळीस शेततळ्यांचा पूर्ण माल. सगळ्यांनी बोटुकल्याच केल्या तर भाव पडेल, ही भीती निराधार नाही, पण ती वेळ यायला अजून बरीच तळी लागतील. खरी अडचण वेगळी आहे: मच्छीमार सहकारी संस्थेनं शेतकऱ्याकडून नगावर नव्हे, लांबीवर माल घ्यायला हवा, आणि तसा करार पावसाआधी व्हायला हवा. एकट्या शेतकऱ्याला ते जमणार नाही. आठ-दहा तळ्यांचा गट असेल तर जमेल.

ज्याचं पाणी एप्रिल-मेपर्यंत खात्रीनं टिकतं, त्यानं खुशाल मोठा मासा करावा. पण बर्फातल्या माशाशी भावात स्पर्धा करू नये. एकाच दिवशी जाळं ओढून सगळा माल धुऱ्यावर आलेल्या व्यापाऱ्याला दिला की भाव त्याचा. आठवडी बाजाराच्या दिवशी वीस-पंचवीस किलो जिवंत मासा ड्रममधून नेला तर भाव आपला. आंध्रातून काहीही येईल, तडफडणारा मासा येणार नाही. श्रावणात आणि नवरात्रात मागणी ओसरते, हे ध्यानात ठेवून जाळं टाकावं. झटपट वाढतो म्हणून कुणी आफ्रिकन मांगूर देऊ केला तर घेऊ नये. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

फवारणीचा पंप

यवतमाळात एक धोका इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध माणसाला झोपवतं, त्याचा माशाशी काय हिशेब! सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या काही पट, इतक्या मात्रेतही मासे मारतात. फवारणीचा पंप शेततळ्यात धुतला, तर सहा महिन्यांचं खाद्य, बीज आणि मजुरी त्या पाण्यात जाते. कपाशीच्या वावरातून वाहून येणारं पावसाचं पाणीही चर काढून तळ्याबाहेरून वळवावं.

आणि बीज घ्यायच्या आधी एक काम. तळ्याच्या मधोमध, दर अर्ध्या फुटाला खूण केलेली बांबूची काठी रोवा. पहिल्या वर्षी मासा न सोडताच दर महिन्याच्या एक तारखेला पाणी कुठवर आहे ते वहीत मांडा. एक मार्चला पाच फूट पाणी असेल तर मासा वाढवा. नसेल तर बोटुकल्या करा.